वाचकांचे प्रश्न: चोरल नदी, पातालपानी आणि पाण्याचे माप

प्रश्न: जुलैत पातालपानी धबधब्याला गेलो होतो. लख्ख ऊन, पाणी जेमतेम घोट्याएवढे. तरी रखवालदार सगळ्यांना प्रवाहाबाहेर हाकलत होता. पाऊसच नाही तर भीती कसली? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: रखवालदाराचे बरोबर होते. धबधब्यावर ऊन आहे म्हणजे वर महूकडच्या टेकड्यांवरही ऊन आहे, असे नाही. हा धबधबा चोरल नदीचा, आणि तिचे पाणी तिथून येते. जूनमध्ये काळ्या मातीच्या भेगा पहिला पाऊस पिऊन टाकतात. जुलैपर्यंत माती फुगून भेगा बुजतात, खाली बेसॉल्टचा कातळ, मग पाणी जिरणार कुठे? हिशेब करा: एका चौरस किलोमीटरवर 25 मिलीमीटर पाऊस म्हणजे अडीच कोटी लिटर पाणी. त्यातले निम्मे जरी वाहिले तरी ते उतारावरून एकाच अरुंद पात्रात येते. 2011 च्या जुलैमध्ये इथेच अशा अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली.

पाणी एकदम गढूळ झाले, काटक्या-पाचोळा येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, की मिनिटे मोजायची नाहीत. काठाकाठाने खाली पळू नका, सरळ काठ चढा. खडकावर राहिलेल्या चपला राहू द्या.

प्रश्न: आमची इंदूरची खान (कान्ह) नदी उत्तरेला जाते, मग जवळचीच चोरल दक्षिणेला कशी?

उत्तर: मधे विंध्याची धार आहे. माळव्याचे पठार उत्तरेकडे हलके कलते, म्हणून खानचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला मिळते. दक्षिणेला मात्र पठार तुटते. चोरल त्या कड्यावरून सुमारे 300 फूट खाली पडते, कालाकुंडच्या सागवानी जंगलातून बडवाह भागात नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्र गाठते. (कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानातला कलाकंद मिळाला तर सोडू नका.)

प्रश्न: मुलीच्या नववीच्या प्रकल्पासाठी ओढ्याचे पाणी कसे मोजावे?

उत्तर: पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गुडघ्याखाली पाणी असलेली सरळ 10 मीटरची जागा निवडा. धबधब्याच्या वरच्या बाजूला मुळीच नको. रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरवर काठीने खोली घ्या. प्रवाह काठीवर आदळतो त्या बाजूला पाणी चढते. ती उंची धरली तर खोली जास्त येते, म्हणून काठीच्या डाव्या-उजव्या बाजूची पातळी वाचा.

संत्र्याची साल 10 मीटरच्या सुरुवातीच्या रेषेपासून दोन मीटर वरच्या अंगाला सोडा, म्हणजे रेषेपर्यंत ती प्रवाहाच्या वेगाला येते. तिला 10 मीटर जायला लागणारा वेळ पाच वेळा घ्या. काठाला अडकलेली फेरी सोडून द्या.

समजा रुंदी 3 मीटर, सरासरी खोली 20 सेंटीमीटर, तर छेद 0.6 चौरस मीटर. 10 मीटरला 20 सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. गुणाकार 0.3. पण तळाशी दगडगोट्यांमुळे पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहते, म्हणून त्याला 0.8 ने गुणा: 0.24 घनमीटर, म्हणजेच सेकंदाला 240 लिटर. हा 0.8 चा गुणाकार मुले हमखास विसरतात, आणि मग ओढ्याची नदी होते.

हेच मोजमाप त्याच जागी जानेवारीत आणि मार्चमध्ये पुन्हा घ्या. पाणी किती घटले ते तिला वहीत दिसेल. साल मुळीच हलेनाशी झाली तर "प्रवाह शून्य" लिहा आणि डोहाची खोली तेवढी नोंदवा.