भाकड म्हणून विकायला काढलेली मेंढी गाभण निघू शकते का?

हो, निघते, आणि अशी मेंढी बऱ्याचदा वांझ नसतेच, उशिरा गाभण राहिलेली असते. माज (मेंढी गाभण राहू शकते तो काळ) साधारण १७ दिवसांनी येतो आणि जेमतेम दीड दिवस टिकतो, तेवढ्यात मेंढा लागला नाही किंवा ती अशक्त असली की खेप गेली, बाकीच्या व्यायल्या तरी ही तशीच, मग मेंढा कळपातच असला तर पुढे कधीतरी राहते आणि पाच महिन्यांनी विते, लोकरीत पोटही कळत नाही. म्हणून देवनारला (मुंबईच्या कत्तलखान्यात) पाठवायच्या आधी प्लीज मागून कास चाचपून बघा, भरायला लागली असेल तर महिना-दीड महिन्यात कोकरू येणार. शंका असेल तर व्हेटकडून सोनोग्राफी करा. आणि तिला आत्तापासून थोडं धान्य द्या, पोटात जुळी असली आणि खाणं कमी पडलं तर बिचारी बसकण मारते, दगावतेसुद्धा.