क्रोमच्या मोबाइल एम्युलेशनमध्ये (डेस्कटॉप क्रोममधील मोबाइलची नक्कल करण्याच्या सोयीत) वेबसाइटच्या स्वयंचलित चाचण्या पास होत असतील, तरी त्या क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून वापरायला मिळणाऱ्या, खऱ्या आयफोनवर पुन्हा चालवणे आवश्यक आहे का?

होय, निदान लॉगिन, फॉर्म आणि पेमेंट यांच्या चाचण्या तरी खऱ्या आयफोनवर चालवायलाच हव्यात, कारण एम्युलेशन स्क्रीनचा आकार, टच आणि यूजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) तेवढे बदलते. पान रेखाटणारे इंजिन मात्र डेस्कटॉप क्रोमचेच, म्हणजे ब्लिंक, राहते. आयफोनवरील सफारी वेबकिट या वेगळ्या इंजिनवर चालते आणि आयफोनवरचे क्रोमही सामान्यतः वेबकिटच वापरते (युरोपीय संघात 2024 पासून इतर इंजिनांना मुभा आहे). रोजच्या कामात नेहमी आढळणारा एक दोष सांगतो: उंची 100व्हीएच (सीएसएसच्या व्हीएच एककात पूर्ण स्क्रीनइतकी) दिलेल्या पानाच्या तळाशी असलेले ‘पुढे जा’ बटण एम्युलेशनमध्ये स्पष्ट दिसते, पण आयफोनवर सफारीची पट्टी उघडी असताना तिच्याखाली झाकले जाते, कारण ते एकक पट्टी आक्रसल्यानंतरची उंची धरते. डेव्हटूल्स या क्रोममधील विकसकांच्या साधनांचे अधिकृत दस्तऐवजही एम्युलेशनला ढोबळ अंदाजच म्हणतात. सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या चाचण्या नव्याने लिहाव्या लागत नाहीत; ते ब्राउझरला ज्या वेबड्रायव्हर पद्धतीने आदेश देते, ती 2018 पासून डब्ल्यू3सी या वेब मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक असल्याने बहुधा रिमोट सर्व्हरचा पत्ता आणि कॅपॅबिलिटीज (कोणते उपकरण व ब्राउझर हवा याची नोंद) बदलल्या की काम भागते (चाचणीची साइट लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त तुमच्याच संगणकावर असेल, तर क्लाउडला तिथे पोहोचवणारा टनेलही लागतो).

मात्र सगळा संच प्रत्येक कमिटला (कोडमधील प्रत्येक नोंदवलेल्या बदलाला) क्लाउडवर पाठवू नका. प्रत्येक आदेश नेटवर्कवरून जाऊन परत येत असल्यामुळे चाचण्या लक्षणीयरीत्या मंदावतात. म्हणून रोज स्थानिक हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) ब्राउझर आणि रिलीजपूर्वी खरी उपकरणे, अशी विभागणी मला योग्य वाटते.