सव्वा किलो की साडेबाराशे?

प्रश्न : जर्मन पुरवठादाराच्या सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) १.२५० किलो माल होता. एक्सेलमध्ये तो सव्वा किलो झाला. असं का?

उत्तर : जर्मनीत हजारांचे गट टिंबाने पाडतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात. म्हणजे माल साडेबाराशे किलो. आपले १२,३४,५६७.८९ तिथे १.२३४.५६७,८९ होतात. दोन टिंबांचा आकडा एक्सेल मजकूर समजून डावीकडे ठेवतो, त्यामुळे तो लगेच खटकतो. खरा घात एकाच टिंबाच्या आकड्यात होतो, कारण तो बिनबोभाट बदलतो.

बदललेल्या आकड्यांना हजाराने गुणत बसू नका. ९५० सारखे बिनटिंबाचे आकडे बरोबरच असतात, तेही बिघडतील. मूळ फाइलच्या प्रतीच्या नावाचा शेवट .txt (टीएक्सटी) करा आणि ती एक्सेलच्या ‘ओपन’मधून उघडा. ‘डिलिमिटेड’ (चिन्हाने वेगळे केलेले रकाने) निवडा, विभाजक म्हणजे ते चिन्ह बहुधा अर्धविराम असतो. तिसऱ्या पायरीवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये दशांशासाठी स्वल्पविराम, हजारांसाठी टिंब द्या.

स्वित्झर्लंडचा माल असेल तर १'२५० असंही दिसेल. उलट आपण तिकडे आकडे पाठवताना लाख-कोटींचे स्वल्पविराम काढून टाका. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय नियमात तर गटांमध्ये टिंब-स्वल्पविराम नाहीच, बारीक मोकळी जागा आहे.