रत्नजिज्ञासा : 'इंकांचा गुलाब' आणि त्याचे गुलाबी भाऊबंद

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. गुलाबी खड्यांविषयी आलेली बरीच पत्रे एकाच दगडाभोवती फिरत असल्याने या अंकाचे सदर त्याला, म्हणजे रोडोक्रोसाइटला, दिले आहे. दक्षिण अमेरिकेतील जुन्या इंका राजवटीवरून पडलेले 'इंकांचा गुलाब' हे त्याचेच नाव.)

प्रश्न : माझ्या मुलीने अर्जेंटिनाहून एक गुलाबी पेंडंट आणले आहे. त्यावर पांढऱ्या, नागमोडी रेषा आहेत. तिथल्या दुकानदाराने त्याला 'इंकांचा गुलाब' म्हटले, तर आमच्या ओळखीचे सराफ म्हणतात की हा साधा रोज क्वार्ट्झ आहे. खरे काय समजावे? — एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून दुकानदार बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. रोज क्वार्ट्झ, म्हणजे गुलाबी स्फटिक, सहसा एकसारख्या फिक्या, किंचित दुधाळ रंगाचा असतो आणि त्यात असे पट्टे नसतात. रोडोक्रोसाइटचा गडद-फिका गुलाबी आणि पांढरा पट्टा मात्र त्याच्या घडणीतूनच येतो. हे खनिज मँगनीज कार्बोनेट आहे आणि चांदी, शिसे, जस्त, तांबे यांच्या खनिजशिरांमध्ये ते सापडते. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातील कापिलितास येथील खाणीत ते लवणस्तंभांच्या रूपातही मिळते. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने थरावर थर साचत हे स्तंभ तयार होतात, आणि असा स्तंभ आडवा कापला की चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत गुलाबी-पांढरी वर्तुळे दिसतात, काही ठिकाणी केसाइतकी बारीक, काही ठिकाणी बोटभर रुंद. उभा किंवा तिरका काप घेतला तर त्याच वर्तुळांच्या नागमोडी रेषा होतात. आपल्या पेंडंटचा खडा बहुधा अशाच कापातून आलेला असावा.

खात्री करण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग वजनाचा आहे. रोडोक्रोसाइटची सापेक्ष घनता (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन) सुमारे ३.७ आहे, तर स्फटिकाची २.६५. खडा कोंदणातून मोकळा करता येत असेल तर सराफांना तो आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायला सांगावे. समजा, हवेत वजन ७.४ ग्रॅम आणि पाण्यात ५.४ ग्रॅम भरले, तर फरक २ ग्रॅमचा, ७.४ ला २ ने भागले की ३.७ येतात आणि प्रश्न मिटतो. तेवढ्याच वजनाचा स्फटिक पाण्यात साधारण ४.६ ग्रॅम भरेल. गुलाबी रंग दिलेला पट्टेदार कॅल्साइटही (चुनखडीतील खनिज) बाजारात याच नावाने विकला जातो, पण त्याची घनता २.७ च्या आसपास असल्याने तोही या परीक्षेत उघडा पडतो. सुईने ओरखडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. रोडोक्रोसाइटची कठिणता खनिजांसाठीच्या १ ते १० या मोह्स मापावर अवघी ३.५ ते ४ आहे, त्यामुळे सुईचा ओरखडा कायमचा राहील.

प्रश्न : इंका राजांचे रक्त गोठून हा दगड बनला अशी कथा वाचनात आली. ती खरोखर इंकांच्या काळातील आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : या दगडाशी दोन कथा जोडल्या जातात. पहिली आपण लिहिली आहे तीच : पूर्वीच्या राजाराण्यांचे रक्त दगडात उतरले. दुसरी अधिक विस्ताराने सांगितली जाते आणि मला ती जास्त हृद्य वाटते. सूर्यदेवाला वाहिलेल्या, आजन्म कुमारी राहण्याचे व्रत घेतलेल्या कन्यांपैकी एक जण एका योद्ध्याच्या प्रेमात पडते. दोघे पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरील तितिकाका सरोवराच्या परिसरातून दक्षिणेकडे, आजच्या आंदालगाला भागात पळून जातात आणि तिथे संसार थाटतात. पुढे शापामुळे ती मरते आणि तिला डोंगरावर पुरले जाते. काही काळाने कुणाला तरी तिच्या थडग्यापाशी दगडात उमललेले रक्तवर्णी गुलाब दिसतात. ते राजापर्यंत पोहोचतात तेव्हा त्याचा राग निवळतो, तो त्या दोघांना क्षमा करतो आणि दरबारातील स्त्रिया त्या दगडाचे तुकडे प्रेमाची व क्षमेची खूण म्हणून अंगावर घालू लागतात. कापिलितास खाण याच आंदालगाला विभागात आहे, त्यामुळे कथेला पाय ठेवायला खरी जमीन आहे.

पण दागिन्यांचा दगड म्हणून रोडोक्रोसाइट जगभर पोहोचला तो विसाव्या शतकात, आणि 'इंकांचा गुलाब' हे नावही त्याच काळात रूढ झाले. म्हणून या कथांना अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातील लोककथा म्हणावे. इंका काळातील लिखित पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहू नये, कारण इंकांना आपल्या अर्थाने लिपीच नव्हती आणि दोरांच्या गाठींत ते हिशेब ठेवत. कथा अलीकडच्या काळात घडत गेली तरी तिचे मोल मला कमी वाटत नाही. आज अर्जेंटिनात हा दगड राष्ट्रीय रत्न म्हणून मिरवला जातो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचा या दगडाशी असलेला संबंध अगदी वेगळा आहे. तिथे अल्मा गावाजवळच्या स्वीट होम खाणीत १८७० च्या दशकापासून चांदी काढली जाई आणि वाटेत येणारे रोडोक्रोसाइट टाकाऊ म्हणून फेकले जाई. पुढे संग्राहकांसाठी याच खनिजाचा शोध घेण्याकरिता ती खाण पुन्हा उघडली आणि १९९२ मध्ये तिथे 'अल्मा किंग' हा सुमारे १४ सेंटीमीटर रुंदीचा, चेरीसारखा लाल, समांतरभुज बाजूंचा स्फटिक सापडला. तो डेन्व्हरच्या निसर्ग व विज्ञान संग्रहालयात आहे. २००२ मध्ये कोलोरॅडोने रोडोक्रोसाइटला राज्याचे खनिज म्हणून मान्यता दिली, तीही शाळकरी मुलांच्या पुढाकारामुळे.

प्रश्न : आमच्या भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत. लहानपणी काळा दगड फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसलेला आठवतो. तो हाच दगड का? — एक वाचक, तुमसर

उत्तर : आपल्या पत्राने मनापासून आनंद झाला. आपण पाहिलेला दगड बहुधा रोडोक्रोसाइटचा भाऊबंद, रोडोनाइट, असावा. दोघांचा गुलाबी रंग मँगनीजमुळेच येतो, मात्र रोडोनाइट हे मँगनीजचे सिलिकेट आहे, अधिक कठीण आहे आणि त्यावर सहसा काळ्या रेषांचे जाळे असते. उघड्यावर राहिलेल्या दगडातील मँगनीजची हवा-पाण्याशी प्रक्रिया होऊन काळी ऑक्साइडे बनतात; म्हणून बाहेरचे कवच कोळशासारखे आणि आतला गाभा गुलाबी.

नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या पट्ट्यातील मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे आपल्याला सांगायला नकोत. लुइस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातील मँगनीज साठ्यांवरचा आपला प्रचंड अहवाल १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला आणि इथल्या मँगनीज-गार्नेट व क्वार्ट्झयुक्त खडकाला, या प्रदेशातील गोंड लोकांवरून, 'गोंडाइट' असे नाव दिले. ते नाव आजही जगभरच्या भूशास्त्रात चालते. याच गोंडाइटच्या सोबतीने आपल्याकडे रोडोनाइट आढळतो. विदर्भातील या दगडाची ओळख पोलाद कारखान्यांपुरती राहिली, त्याचे सौंदर्य कुणी फारसे पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

रशियातील उरल पर्वतात मात्र रोडोनाइटला मोठा मान मिळाला. तिथे त्याला 'ओर्लेत्स', म्हणजे गरुडाचा दगड, म्हणत. गरुड आपल्या घरट्यात हे गुलाबी खडे आणून ठेवतात अशी समजूत होती, म्हणून लोक ते तान्ह्या बाळांच्या पाळण्यात ठेवत. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर आणि पॉल कॅथेड्रलमध्ये सम्राज्ञी मारिया अलेक्झांड्रोव्हना यांची शवपेटिका उरलच्या रोडोनाइटमधून घडवलेली आहे.

प्रश्न : मला छातीत धडधड आणि रक्तदाबाचा त्रास आहे. एका उपचारकाने रोडोक्रोसाइट हृदयचक्रावर धारण करायला सांगितले आणि हळूहळू गोळ्या कमी करता येतील असे आश्वासन दिले. आपला सल्ला काय? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करू नका, आणि धडधड नव्याने सुरू झाली असेल किंवा वाढली असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिले काम त्यांना दाखवण्याचे करा. अंगावर घातलेल्या रोडोक्रोसाइटमुळे रक्तदाब उतरतो किंवा हृदयाचे ठोके सुधारतात याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर दाब उसळी घेतो, हा धोका त्या उपचारकाने आपल्याला सांगायला हवा होता.

हृदयचक्राविषयीही थोडे सांगायला हवे, कारण आपल्या परंपरेचे नाव घेतले की आपण सहज विश्वास ठेवतो. सोळाव्या शतकातील 'षट्चक्रनिरूपण' या ग्रंथात अनाहत, म्हणजेच हृदय, चक्राचे वर्णन बारा पाकळ्यांचे, बंधूक फुलासारख्या तांबड्या कांतीचे कमळ असे आहे आणि तिथल्या वायुतत्त्वाचा रंग धुरासारखा सांगितला आहे. हृदयचक्र हिरवे किंवा गुलाबी आणि त्याला अमुक खडा, ही वाटणी विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत तयार झाली आणि तिथून आपल्याकडे परत आली. आपल्या नवरत्नांतही रोडोक्रोसाइटला स्थान नाही. त्यामुळे अमुक ग्रहासाठी हे शास्त्रोक्त रत्न आहे असे कुणी सांगून किंमत वाढवत असेल, तर तो आधार कुठल्या ग्रंथात आहे हे जरूर विचारावे.

मग खडा हातात घेतल्यावर शांत वाटते, हा अनेकांचा अनुभव खोटा का? तो अनुभव खरा असतो, त्याचे कारण मात्र दगडात असेलच असे नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात ८० स्वयंसेवकांना ध्यान करताना हातात स्फटिक धरायला दिले होते. त्यांतले काही खरे होते, काही बनावट, आणि कुणाकडे कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. हाताला ऊब जाणवणे, झिणझिण्या, स्वस्थ वाटणे हे दोन्ही गटांनी सारखेच नोंदवले. स्वस्थ बसणे, श्वासाकडे लक्ष देणे आणि काही चांगले घडेल अशी अपेक्षा यांतून ते येते. आपल्याला हा गुलाबी दगड आवडत असेल, तो हातात धरून दहा मिनिटे शांत बसल्याने बरे वाटत असेल, तर तसे अवश्य करावे. गोळ्या घेऊन करावे. क्षमेच्या कथेचा दगड उशाशी असणे एखाद्या दुखावलेल्या माणसाला आधार देऊ शकते, आणि त्या आधाराला मी कधीच कमी लेखणार नाही.

प्रश्न : हा खडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी प्यायल्याने पचन सुधारते असे ऐकले. करून पाहावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. साध्या पाण्यात हे खनिज फारच कमी विरघळते, पण ते कार्बोनेट असल्याने आम्लात विरघळते, आणि काही जण त्या पाण्यात लिंबूही पिळतात. शिवाय खनिजशिरांतून आलेल्या दगडात शिसे, जस्त वा आर्सेनिकयुक्त खनिजांचे कण चिकटलेले असू शकतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत. मँगनीज शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते आणि ते धान्य, डाळी, चहा यांतून मिळते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम होतात, हे १८३७ मध्ये स्कॉटलंडमधील कामगारांच्या बाबतीत नोंदवले गेले. म्हणून घरी हा दगड घासण्याचा वा भोके पाडण्याचा छंद असेल, तर ते काम पाण्याच्या धारेखाली आणि योग्य मास्क लावूनच करावे.

प्रश्न : रोडोक्रोसाइटची अंगठी करावी का? आणि तो काळवंडला तर कसा स्वच्छ करावा? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातले बरे. इतका मऊ खडा रोजच्या वापरातील अंगठीत काही महिन्यांत निस्तेज होतो, कारण घरातल्या धुळीतही त्याच्याहून कठीण वाळूचे कण असतात, आणि तीन दिशांनी सहज भंगण्याचा त्याचा स्वभाव असल्याने ओट्यावर एक आपट पुरते. तरीही अंगठीच हवी असेल तर कडा पूर्ण झाकणारे बंद कोंदण करून घ्यावे आणि ती समारंभापुरती घालावी.

चांदीचे दागिने आपण चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासतो, ते या खड्याच्या जवळपासही नेऊ नये. आम्लाने त्याची झिलई जाते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे पुसणे एवढे पुरे. मिठाच्या पाण्यात ठेवून 'शुद्ध' करणे किंवा उन्हात ठेवून 'ऊर्जा भरणे' हेही टाळावे, कारण दीर्घकाळ ऊन व हवा लागली की पृष्ठभाग तपकिरी-काळसर होऊ शकतो. असा काळेपणा घरी घासून काढता येत नाही. कारागिराकडून नव्याने हलकी झिलई करून घ्यावी. सराफांकडे दुरुस्तीला देताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात घालू नये, आणि डाग (झाळ) देण्याआधी खडा काढून ठेवावा, कारण ज्योतीच्या उष्णतेने तो तडकतो आणि त्याचा रंगही जातो.