धुमसती शेगडी नको : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरात बसवायच्या लाकडावरच्या शेगडीविषयी लिहिलं होतं. काचेचं दार असलेली, धुराड्याला जोडलेली बंद लोखंडी शेगडी. त्यावर बरीच पत्रं आली. शेगड्या बसवणं आणि धुराडी साफ करणं हेच माझं काम असल्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. जिथे घर जळू शकतं किंवा जीव जाऊ शकतो, तिथे थोडक्यात उरकणं मला जमत नाही.

प्रश्न : शेगडी ज्या कोपऱ्यात ठेवायची आहे, तिथल्या भिंती लाकडी फळ्यांच्या आहेत. मिस्त्री म्हणतात, फळ्यांवर फरशी चिकटवून देतो, मग शेगडी भिंतीला लागून ठेवली तरी चालेल. चालेल का?

नाही चालणार. फरशी पेटत नाही, पण उष्णता अडवतही नाही. आधी ती तापते, मग तिच्यामागची फळी तापते, आणि ती फळी तुम्हाला दिसत नाही. लाकूड वर्षानुवर्षं असं भाजत राहिलं की हळूहळू कोळसत जातं आणि नव्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणून ‘इतकी वर्षं झाली, काही झालं नाही’ हे वाक्य ऐकलं की माझी काळजी वाढते. अशा भिंतीवरची फरशी मी उचकटून पाहिली आहे. बाहेरून चकचकीत, आणि मागची फळी काळपट, नख लावलं तर भुगा हातात येणारी.

अंतर किती, हे शेगडीच्या पुस्तिकेत किंवा मागे ठोकलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तेच पाळायचं. जुनी शेगडी असेल आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर मी अमेरिकेतल्या ‘एनएफपीए २११’ या मानकाचा आकडा धरते : पेटू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून शेगडी ३६ इंच लांब आणि एकपदरी धूरनळी १८ इंच लांब. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. पेटू शकणाऱ्या वस्तूंत पडदा, सोफा आणि शेजारी हौसेनं रचलेली सरपणाची टोपलीही आली.

जागा कमीच असेल तर मिस्त्रींना फरशीऐवजी पत्र्याचा आडोसा करायला सांगा. तो भिंतीपासून किमान १ इंच पुढे हवा आणि खालून-वरून उघडा हवा. खालून गार हवा शिरते, तापते आणि वरून निघून जाते. भिंतीचं रक्षण ती वाहती हवा करते, त्यामुळे ती फट सिमेंटनं किंवा लाकडी पट्टीनं बुजवलीत तर आडोशाचा उपयोग संपला. आडोशानं अंतर किती कमी करता येतं, तेही पुस्तिकेतूनच ठरवायचं. खाली न जळणारी फरशी हवीच, आणि दारासमोर ती १८ इंच पुढे आलेली असावी, कारण निखारा दार उघडल्यावरच बाहेर पडतो.

प्रश्न : शेगडी पेटवली की सुरुवातीला खोलीभर धूर होतो. धुराडं बाहेरच्या भिंतीवरून वर नेलं आहे आणि वाटेत दोन काटकोन आहेत. नळीत पंखा बसवावा का?

पंख्याचा विचार शेवटी करा. धूर वर जातो तो गरम आणि म्हणून हलका असतो म्हणून. तुमचं धुराडं घराबाहेर उघड्यावर आहे. शेगडी विझलेली असताना त्यात गार, जड हवा भरून राहते आणि नव्या जाळाचा कोमट धूर तिला ढकलू शकत नाही. पेटवण्याआधी जवळची खिडकी थोडी उघडा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करा (तो खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा घ्यायला धुराड्यातली हवा उलटी खाली येते), आणि शेगडीत वरच्या बाजूला, नळीच्या तोंडाशी, कागदाचा एक बोळा पेटवा. वर ओढ लागली की मग लाकूड पेटवा. लाकूडही वरून पेटवायचं : खाली जाड फाटे, वर बारीक, अगदी वर ढलप्या. जाळ वरून खाली उतरतो, आणि निघणारा धूर त्या जाळातूनच जात असल्यामुळे बराचसा जळून जातो.

कायमचा उपाय मात्र धुराड्यातच करावा लागेल. बाहेरचा भाग दुपदरी, मध्ये उष्णतारोधक भरलेल्या नळीचा करून घ्या. काटकोनांच्या जागी ४५ अंशांची वळणं द्या. नळी शेगडीच्या तोंडापेक्षा कुठेही अरुंद नको. वरचं टोक छपरातून निघतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर हवं.

आणखी एक गोष्ट टॉर्च घेऊन बघा. आतल्या एकपदरी नळीच्या सांध्यावर वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलेलं असलं पाहिजे. पुष्कळ जण उलटं जोडतात, कारण त्यांना वाटतं की नाहीतर फटीतून धूर येईल. ओढ चांगली असेल तर धूर येत नाही. पण नळीत काळा, चिकट द्रव ओघळला तर उलट्या सांध्यातून तो बाहेर येतो आणि नळीवरून भिंतीपर्यंत जातो.

प्रश्न : काच रोज काळी होते. वखारवाले म्हणतात, लाकूड वाळलेलं आहे. मग दोष शेगडीचा?

मी आधी लाकडावर संशय घेईन. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. शेगडीसाठी हा ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि त्याला फोडलेलं, वरून झाकलेलं आणि बाजूंनी वारा लागणारं लाकूड साधारण एक ते दोन वर्षं ठेवावं लागतं. वरून वाळलेलं दिसणं पुरेसं नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या सुया सालीत न खुपसता फाटा मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. यंत्र नसेल तर दोन फाटे एकमेकांवर आपटून आवाज ऐका : वाळलेले खणखणीत वाजतात, ओले बद्द.

ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं. आगीची बरीच ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते, शेगडीचं पोट थंड राहतं आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच वर जातात. हे वायू पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. न जळलेला धूर धुराड्यात सुमारे १२० अंशांखाली आला की आतून डांबरासारखा थर बसू लागतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. काचेवर दिसतो तो त्याचाच नमुना, खरा साठा वर आहे.

प्रश्न : रात्रभर ऊब राहावी म्हणून झोपताना शेगडी लाकडांनी भरून हवेची झडप पूर्ण बंद करते. योग्य आहे का?

ताई, ही सवय आजपासून सोडा. हवा कोंडलेली आग रात्रभर धुमसते, वर सांगितलेला थर सगळ्यात जास्त तेव्हाच बसतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पहाटे धुराडं गार पडून ओढ कमी झाली की तो वायू खोलीत उतरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जागेपणी डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटणं, ही त्याची खूण. अशा वेळी सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे जा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत लावा. धुराचा गजर हे काम करत नाही.

झोपण्यापूर्वी शेवटचं लाकूड व्यवस्थित जाळाने जळू द्या. त्यानंतर लोखंडात आणि भिंतीत साठलेली ऊब पुष्कळ वेळ पुरते. शेगडी सतत दाबूनच ठेवावी लागत असेल तर ती खोलीच्या मानाने मोठी आहे. चांगल्या शेगडीत १ किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे ३ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता खोलीला मिळते. त्यावरून हिशेब करा आणि लहान शेगडी घेऊन ती झणझणीत पेटवा.

प्रश्न : जुन्या रंगवलेल्या दाराच्या फळ्या, प्लायवूड जाळता येईल? आणि राख कुठे टाकायची?

रंगवलेलं, औषध मारलेलं, चिकटवलेलं काहीही जाळू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, वाळवीच्या औषधात आर्सेनिक. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि बादली बाहेर, फरशीवर किंवा मातीवर ठेवा. राखेच्या पोटात निखारा काही दिवस जिवंत राहतो. प्लास्टिकची बादली, कागदी पिशवी, लाकडी ओटा, काहीही चालणार नाही.

प्रश्न : धुराड्याला आग लागली तर कळतं कसं, आणि काय करायचं?

नळीत घोंघावणारा मोठा आवाज येतो, नळी थरथरते, वरून ठिणग्या उडतात. आत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. शेगडीचं दार घट्ट लावा, हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, घरातल्या सगळ्यांना बाहेर घ्या आणि अग्निशमन दलाला फोन करा. पाणी ओतू नका, तापलेलं धुराडं तडकतं आणि वाफेचा भडका उडतो. आग आपोआप विझली तरी दलाला येऊ द्या, छपराच्या पोकळीत ती शिल्लक असू शकते. त्यानंतर धुराडं आतून पूर्ण तपासून घ्यायचं, कारण अस्तराला गेलेला तडा खालून दिसत नाही. तपासणी होईपर्यंत शेगडीत काडीही लावू नका.