लॉक फाइल डिलीट केली, रीबूटही केलं, तरी पॅकेज इन्स्टॉल का होत नाही?

तुमचा प्रश्न मला असा कळला: नव्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाकताना 'कुड नॉट गेट लॉक' आलं, कुठेतरी वाचून तुम्ही लॉक फाइल उडवलीत, रीबूट केलंत, आणि आता काहीही इन्स्टॉल करायला गेलं की शेवटी 'डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)' येतं (डीपीकेजी म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन). सर्व्हर पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवू का, असं विचारलंय.

पुसू नका. हे बहुतेक वेळा अर्ध्या तासात निस्तरतं. (मोबाइलवर मराठी कीबोर्डवरून लिहितोय, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.)

आधी त्या लॉकचं बघू, कारण 'फाइल डिलीट करा' हा सल्ला जिकडेतिकडे दिसतो आणि तो वाईट आहे. /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ही फाइल म्हणजे कुलूप नव्हे. ती कायम तिथेच असते, एरवीही. खरं कुलूप कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, असतं: ॲप्ट (पॅकेज आणून डीपीकेजीकडून बसवून घेणारी कमांड) ती फाइल उघडतं आणि 'ही सध्या माझ्या ताब्यात' अशी नोंद कर्नलकडे करतं. प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) संपली, मेली किंवा मारली की ती नोंद आपोआप सुटते. रीबूटनंतर जुनं कुलूप शिल्लक राहायचा प्रश्नच नाही. मग फाइल उडवल्यावर काय होतं? आधीची प्रोसेस तिच्या जुन्या, आता नाव नसलेल्या फाइलवर कुलूप धरून काम करत राहते. तुमची नवी कमांड त्याच नावाची नवी फाइल बनवून तिच्यावर स्वतःचं कुलूप लावते. दोघींनाही वाटतं आपण एकट्याच आहोत, आणि दोघी एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत, म्हणजे /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस मध्ये, लिहायला लागतात. आगीतून फुफाट्यात.

नव्या सर्व्हरवर कुलूप धरून बसणारा बहुधा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' असतो. पहिल्यांदा बूट झाल्या झाल्या तो सुरक्षा अपडेट ओढायला लागतो आणि नेमकं त्याच वेळी आपण इन्स्टॉल करायला बसतो. त्याला काही मिनिटं द्यावीत, मध्येच मारू नये. कोण बसलंय ते 'सुडो फ्यूजर -व्ही' पुढे त्या लॉक फाइलचा पाथ देऊन कळतं. एकदा मी असाच पाऊण तास थांबलो होतो. शेवटी प्रोसेसचं टर्मिनल पाहिलं तर ते सहकाऱ्याचं निघालं. कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी, हा प्रश्न त्याच्या स्क्रीनवर उत्तराची वाट बघत होता आणि तो जेवायला गेला होता. स्क्रिप्टमधून इन्स्टॉल करत असाल तर २०.०४ पासून पुढच्या उबुंटूवर ॲप्ट-गेटला 'डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=३००' हा पर्याय '-ओ' ने देता येतो. मग ते लगेच हात वर न करता ३०० सेकंद थांबतं.

आता तुमचा आजचा एरर. तुम्ही फक्त शेवटची ओळ पेस्ट केली आहे आणि नेमकी तीच ओळ कामाची नाही. ती एवढंच सांगते की आत कुठेतरी काहीतरी फसलं. वर स्क्रोल करून पहिला 'एरर प्रोसेसिंग पॅकेज' शोधा. त्यानंतर आलेली बाकीची नावं बहुतेक वेळा त्या पहिल्या पॅकेजवर अवलंबून असतात, म्हणून आडवी होतात. टर्मिनल बंद झालं असेल तर सगळं आउटपुट /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग मध्ये मिळेल.

मग 'डीपीकेजी -एल' चालवा आणि डावीकडची दोन अक्षरं बघा. छोटा 'आय' दोनदा असेल तर पॅकेज ठीक. दुसरं अक्षर मोठा 'यू' असेल तर पॅकेज नुसतं उलगडलंय, कॉन्फिगर व्हायचंय. मोठा 'एफ' म्हणजे कॉन्फिगर होता होता अडकलं. मोठा 'एच' म्हणजे फाइल उलगडतानाच मोडलं. यादी लांबलचक असते, म्हणून 'डीपीकेजी --ऑडिट' बरं, ते फक्त आजारी पॅकेजं दाखवतं. 'यू' असेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', एवढ्यावर काम होऊ शकतं.

पण तुमच्याकडे 'एफ' असणार असा माझा अंदाज आहे, कारण कमांड पुन्हा चालवूनही तोच एरर येतोय. म्हणजे पॅकेज मॅनेजरचं काही बिघडलेलं नाही. पॅकेज बसल्यावर चालणारी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट एनजिनएक्स सुरू करायला जाते, ते सुरू होत नाही, स्क्रिप्ट नापास होते आणि डीपीकेजी सगळ्या इन्स्टॉलवर फुली मारतं. तेव्हा 'सुडो एनजिनएक्स -टी' (कॉन्फिग तपासतं) आणि 'जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स' (लॉग दाखवतं) बघा. एरर क्रमांक ९८ दिसला तर पोर्ट ८० वर आधीच कोणीतरी आहे, बहुधा अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर. 'सुडो एसएस -एलटीएनपी' मध्ये त्याचं नाव दिसेल.

क्रमांक ९७, 'ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल', दिसला तर ती जास्त गमतीची गोष्ट. काही सर्व्हरवर कर्नलमध्येच आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) बंद केलेलं असतं आणि एनजिनएक्सच्या डीफॉल्ट साइटमध्ये मात्र आयपीव्ही६ वर ऐकायची ओळ लिहिलेली असते. /ईटीसी/एनजिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल/डीफॉल्ट उघडा. 'लिसन' ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. त्यातली [::]:८० असलेली जी आहे तिच्या सुरुवातीला # टाका, सेव्ह करा, 'एनजिनएक्स -टी' पास होतंय ना बघा आणि मगच पुन्हा 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. मी यात पूर्ण संध्याकाळ घालवली होती, पॅकेज काढ, परत टाक, काढ, परत टाक. दोष एका ओळीत होता.

पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट उघडून तिच्या सुरुवातीला 'एक्झिट ०' लिहा, असाही उपाय कोणीतरी सुचवेल. एरर जाईल, एनजिनएक्स मात्र बंदच राहील आणि पुढच्या अपडेटला पुन्हा हेच.

हे काहीच निघालं नाही तर 'डीएफ -एच' बरोबर 'डीएफ -आय' पण बघा. डिस्कवर जागा दिसते पण आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेले असतात, असं छोट्या सर्व्हरवर होतं. जुन्या कर्नलच्या हेडर फाइली हजारोंनी पडून असतात. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ने त्या जातात.

लॉक उडवल्यामुळे स्टेटस फाइलच खराब झाली असेल तर डीपीकेजी 'पार्सिंग फाइल' असं म्हणून ओळ क्रमांकासकट रडेल. तसं असेल तर शेजारीच स्टेटस-ओल्ड असते आणि /व्हार/बॅकअप्स मध्ये आधीच्या दिवसांच्या प्रती असतात. खराब फाइल बाजूला नाव बदलून ठेवा आणि चांगली प्रत तिच्या जागी आणा. तोवर टर्म.लॉग मधला तो पहिला एरर आणि 'एनजिनएक्स -टी' चं आउटपुट इथे टाका, मी बघतो.