अडुळसा लावते आहेस ना, मग हे ऐक

अगं, पहिलं झाड म्हणून अडुळसा निवडलास, फार बरं केलंस. पावसाच्या तोंडाला फांदी खोच. दादरच्या गॅलरीतल्या कुंडीतही धरेल. पांढऱ्या फुलांवर जांभळट रेघा दिसल्या की ओळख पटली. संस्कृतातला 'वासा' तो हाच. आयुर्वेदात रक्तपित्तावर, म्हणजे रक्त पडण्यावर सांगितलेला. खोकल्याला पानांचा रस मधातून देतात, ते तुला ठाऊक असेलच. गावाकडे कुंपणाला लावतात, कारण शेळ्याही त्या कडू पानांना तोंड लावत नाहीत. आणि खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून घडवलंय, याचं मला आजही नवल वाटतं! कळकळीने सांगते, गरोदर बाईला मात्र काढा देऊ नकोस. गर्भाशय आकुंचन पावू शकतं. खोकल्यातून रक्त आलं तर काढा उकळत बसू नकोस, तडक डॉक्टर गाठ.